हॉकिंग नुसत्या जिद्दीवर जगले नाहीत

स्टीफन हॉकिंग यांचं नाव निघालं की मराठीत एक कथा ठरलेली आहे. एकविसाव्या वर्षी जडलेला असाध्य आजार, डॉक्टरांनी दिलेली दोन वर्षांची मुदत, चाकाच्या खुर्चीत अडकलेलं शरीर आणि या सगळ्यावर इच्छाशक्तीच्या बळावर मात करून विश्वाचं कोडं उलगडणारा महामानव. वक्तृत्व स्पर्धांतून ती ऐकू येते, अभ्यासिकांच्या भिंतींवर चिकटवलेली दिसते, प्रेरणादायी व्याख्यानांत हमखास येते. तात्पर्यही ठरलेलं असतं: मनात आणलं तर माणसाला अशक्य काही नाही.

सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याबद्दल शंका नाही. पण ही कथा खरी नाही. तिच्यातून हॉकिंग यांच्या आयुष्याचा निम्म्याहून अधिक भाग गाळलेला आहे, आणि जो गाळला आहे तोच इतर अपंग माणसांच्या कामाचा आहे. शिवाय तिच्यामुळे एक अन्याय होतो. हॉकिंग जिद्दीमुळे जगले असतील, तर याच आजारानं दोन-तीन वर्षांत गेलेले लोक जिद्दीत कमी पडले, असा त्याचा सरळ अर्थ होतो. घरातला माणूस या आजारात गमावलेल्या कुणासमोर हे वाक्य मोठ्यानं म्हणून पाहावं. त्यातला निर्दयपणा लगेच कळेल.

आधी आजाराबद्दल. १९६३ च्या सुरुवातीला हॉकिंग यांना मोटर न्यूरॉन आजाराचं निदान झालं. स्नायूंना हालचालीचे आदेश देणाऱ्या चेतापेशी या आजारात एकेक करून मरतात. बहुतेक रुग्ण लक्षणं दिसू लागल्यापासून दोन ते पाच वर्षांत दगावतात आणि मृत्यूचं कारण बहुधा श्वसनाचे स्नायू निकामी होणं हे असतं. दहा वर्षांपलीकडे जगणारे साधारण दहा टक्के. हॉकिंग निदानानंतर पंचावन्न वर्षं जगले, १४ मार्च २०१८ रोजी वयाच्या ७६ व्या वर्षी गेले. हे विलक्षणच आहे. पण त्याचं कारण त्यांच्या आजाराच्या रूपात होतं. तो तरुण वयात सुरू झाला आणि अतिशय सावकाश पुढे सरकला. चेतापेशी किती वेगानं मरायच्या, हे रुग्णाच्या निर्धाराला विचारून ठरत नाही.

पुरावा हवा असेल तर लू गेरिग यांचं आयुष्य पाहावं. अमेरिकेत हा आजार ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते हे बेसबॉलपटू. १९२५ ते १९३९ या काळात ते सलग २,१३० सामने खेळले. दुखापती झाल्या, आजारपणं आली, पण त्यांनी मैदान सोडलं नाही. चिकाटी मोजायचं यंत्र असतं तर त्यांचं नाव सर्वांत वर लागलं असतं. जून १९३९ मध्ये निदान झालं आणि २ जून १९४१ रोजी, अवघ्या ३७ व्या वर्षी, ते गेले. गेरिग यांची इच्छाशक्ती हॉकिंग यांच्याहून कमी होती, असं कोण म्हणेल?

म्हणजे आजाराच्या संथ गतीनं हॉकिंग यांना वेळ दिला. पण नुसता वेळ मिळून कुणी शास्त्रज्ञ होत नाही. त्या वेळात उठवणारं, भरवणारं, लिहून घेणारं, नेणारं-आणणारं कुणीतरी लागतं. पहिली पंचवीस वर्षं हे काम मुख्यतः एका बाईनं केलं आणि प्रेरणादायी कथेत तिच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते.

जेन वाइल्ड यांनी १४ जुलै १९६५ रोजी हॉकिंग यांच्याशी लग्न केलं, तेव्हा निदान माहीत होतं. लग्न ठरलं आणि जगण्याला कारण मिळालं. लग्न करायचं तर नोकरी हवी आणि नोकरी हवी तर पीएच.डी. पुरी करायला हवी, असा हिशोब झाला, हे हॉकिंग यांनीच सांगून ठेवलं आहे. तो प्रबंध जेन यांनी टंकलिखित केला. पुढे तीन मुलं झाली. मुलांचं आणि नवऱ्याचं अंघोळ, कपडे, जेवण असं सगळं त्या एकहाती करत होत्या, कारण बाहेरची मदत घ्यायला हॉकिंग बरीच वर्षं तयार नव्हते. ज्या जिद्दीचे गोडवे गायले जातात त्या जिद्दीची किंमत इथे दुसरंच माणूस मोजत होतं. मध्ययुगीन स्पॅनिश काव्यावर जेन यांचंही संशोधन चालू होतं. त्यांची पीएच.डी. पुरी व्हायला १९८१ उजाडलं. नवऱ्याला पदवी मिळून तेव्हा पंधरा वर्षं झाली होती.

१९७० च्या दशकात या घरात आणखी माणसं आली. १९७४-७५ हे वर्ष हॉकिंग कुटुंबानं कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेकमध्ये काढलं, तेव्हा बर्नार्ड कार हा विद्यार्थी त्यांच्याबरोबर राहायला गेला. केंब्रिजला परतल्यावर डॉन पेज यांच्यासारखे तरुण संशोधक घरीच राहत. राहायला जागा आणि एका मोठ्या भौतिकशास्त्रज्ञाचा सहवास यांच्या बदल्यात ते हॉकिंग यांना उठायला, आवरायला, विभागात जायला मदत करत. कॉलेजनं वेस्ट रोडवर तळमजल्यावरचं प्रशस्त घर दिलं, त्यामुळे जिना चढण्याचा रोजचा छळ संपला. विजेवर चालणारी खुर्ची आली. यातली एकही गोष्ट हॉकिंग यांच्या मनोबलातून उगवलेली नाही. प्रत्येक गोष्ट कुणीतरी केली, कुणीतरी दिली किंवा कुणीतरी मागून घेतली.

मग १९८५ चा उन्हाळा आला. जिनिव्हाला असताना हॉकिंग यांना न्यूमोनिया झाला. त्यांना कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवलं गेलं, आणि ते यंत्र बंद करावं का, असा प्रश्न तिथल्या डॉक्टरांनी जेन यांच्यापुढे ठेवला. त्यांनी नकार दिला आणि नवऱ्याला विमानानं केंब्रिजच्या रुग्णालयात आणवलं. घशाला छेद देऊन श्वासाचा मार्ग मोकळा करावा लागला. जीव वाचला, उरलासुरला आवाज कायमचा गेला. त्या निर्णयाच्या क्षणी हॉकिंग बेशुद्ध होते. त्यांची इच्छाशक्ती तिथे काही करू शकत नव्हती.

घरी आल्यावर चोवीस तास परिचारिका लागणार होत्या. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेनं जीव वाचवला होता, पण घरच्या शुश्रूषेचा एवढा मोठा खर्च तिच्यातून भागणार नव्हता. अमेरिकेतल्या मॅकआर्थर फाउंडेशननं त्यासाठी पैसा दिला. तो मिळाला, कारण रुग्ण केंब्रिजमध्ये न्यूटन यांच्या आसनावर बसलेला प्राध्यापक होता. त्याच आठवड्यात त्याच आजारानं त्याच अवस्थेत पोचलेला एखादा गवंडी किंवा शिक्षक असता, तर अमेरिकेहून धनादेश आला असता का? जिद्दीची कथा हा प्रश्न विचारूच देत नाही.

आवाजाची गोष्टही अशीच आहे. सुरुवातीला समोर अक्षरांचा तक्ता धरायचा आणि योग्य अक्षरावर बोट आलं की हॉकिंग यांनी भुवई उचलायची, असं चाले. मग वॉल्ट वोल्टॉश या कॅलिफोर्नियातल्या अभियंत्यानं आपला प्रोग्राम पाठवला. हाच आजार झालेल्या सासूबाईंसाठी त्यांनी तो आधी तयार केला होता. पडद्यावर फिरणारे शब्द हातातलं बटण दाबून निवडायचे. केंब्रिजच्या डेव्हिड मेसन यांनी छोटा संगणक खुर्चीवर बसवून दिला. जगभर ओळखला गेलेला तो यांत्रिक आवाज एमआयटीतल्या डेनिस क्लॅट यांच्या आयुष्यभराच्या संशोधनातून आला होता आणि मुळात तो क्लॅट यांच्याच आवाजावर बेतलेला होता. या व्यवस्थेवर हॉकिंग मिनिटाला सुमारे पंधरा शब्द बोलत. पुढे हाताचीही ताकद गेली, तेव्हा गालाच्या स्नायूची हालचाल टिपणारा संवेदक चष्म्याला लावला गेला. वेग मिनिटाला एका शब्दापर्यंत घसरल्यावर लामा नचमन यांच्या नेतृत्वाखालच्या इंटेलच्या तुकडीनं नवी प्रणाली घडवली, आणि २०१५ मध्ये ती कुणालाही फुकट वापरता यावी म्हणून खुली केली.

प्रेरणेच्या भित्तिपत्रकांचं आणखी एक आवडतं छायाचित्र आहे. २६ एप्रिल २००७ रोजी विमानाच्या गुरुत्वहीन उड्डाणात हॉकिंग हवेत तरंगत आहेत, चेहऱ्यावर आनंद मावत नाही. त्या विमानात डॉक्टर आणि परिचारिकांचं पथक होतं. छायाचित्र कापून लावताना बाजूचे हात कापले जातात, तसेच कथेतूनही.

या मुद्द्यावर खुद्द हॉकिंग यांनी दिलेला एक प्रतिवाद नोंदला गेला आहे. २००९ मध्ये अमेरिकेत आरोग्य विम्याच्या सुधारणांवर वादंग चालू असताना तिथल्या एका आर्थिक दैनिकानं अग्रलेखात लिहिलं की, ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत हॉकिंग यांच्यासारख्या माणसाचा निभाव लागला नसता. लिहिणाऱ्याला हॉकिंग ब्रिटिश आहेत आणि जन्मभर मुख्यतः ब्रिटनमध्येच उपचार घेत आले आहेत, याचा पत्ताच नव्हता. हॉकिंग यांनी जाहीर उत्तर दिलं. ही आरोग्यसेवा नसती तर आपण आज नसतो, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. आयुष्याच्या शेवटच्या वर्षातही ते याच सेवेच्या खासगीकरणाविरुद्ध बोलत राहिले. ऑगस्ट २०१७ मध्ये भाषणातून त्यांनी आरोग्यमंत्र्यांवर टीका केली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये सरकारी धोरणाला आव्हान देणाऱ्या न्यायालयीन अर्जात सामील झाले. आपण कशामुळे जगलो, हे ज्याचं त्याला विचारलं तर उत्तर असं मिळतं.

आता दुसरा दावा पाहू. शरीर निकामी झालं म्हणून बुद्धी अधिक तेज झाली, देवानं एक काढून घेतलं आणि दुसरं दिलं, असं म्हणणारेही पुष्कळ आहेत. हे ऐकायला बरं वाटतं, पण हॉकिंग यांच्या भौतिकशास्त्राचा यात अपमान होतो.

जून १९६४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत फ्रेड हॉयल यांचं व्याख्यान झालं. विषय होता हॉयल आणि जयंत नारळीकर यांचा गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत. नारळीकर तेव्हा केंब्रिजमध्ये हॉकिंग यांच्या शेजारीच काम करत होते आणि त्यांच्याकडची गणितं हॉकिंग यांनी पाहिली होती. व्याख्यान संपल्यावर अजून पीएच.डी.ही न झालेला हा विद्यार्थी उभा राहिला आणि सिद्धांतातली एक राशी अनंताकडे जाते, असं म्हणाला. कशावरून, असं हॉयल यांनी विचारलं. मी हिशोब केला आहे, असं उत्तर आलं. प्रसरण पावणाऱ्या विश्वात हा सिद्धांत कुठे अडखळतो, हे हॉकिंग यांच्या प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात आहे. तेव्हा ते काठीच्या आधारानं चालत होते. हॉयल यांच्यासमोर त्यांची काठी आणायचं कुणाला कारण नव्हतं. गणित बरोबर होतं, तेवढं पुरेसं होतं. नारळीकरांनाही हॉकिंग हे दयेचे किंवा आश्चर्याचे विषय वाटले नाहीत. मतभेद असलेले, बरोबरीचे शास्त्रज्ञ, असंच ते नातं होतं. मराठी वाचकाला हॉकिंग यांच्याकडे पाहण्याची योग्य पट्टी हवी असेल तर ती इतकी जवळ आहे.

त्यांचं सर्वांत मोठं कामही कोणत्या दैवी भरपाईतून आलेलं नाही. कृष्णविवराच्या क्षितिजाचं क्षेत्रफळ कधी कमी होऊ शकत नाही, हा निष्कर्ष त्यांना १९७० च्या अखेरीस सुचला. जेकब बेकेनस्टाइन या तरुण संशोधकानं यावरून असं मांडलं की, हे क्षेत्रफळ म्हणजे कृष्णविवराची एन्ट्रॉपी आहे. हॉकिंग यांना ते पटलं नाही. एन्ट्रॉपी असेल तर तापमान असणार, तापमान असेल तर उत्सर्जन होणार, आणि कृष्णविवरातून काही बाहेर पडत नाही ही तर त्याची व्याख्याच. सप्टेंबर १९७३ मध्ये मॉस्कोला झेल्डोविच आणि स्टारोबिन्स्की या शास्त्रज्ञांशी चर्चा झाली, आणि परतल्यावर पुंजभौतिकी वापरून हिशोब मांडला तेव्हा उत्सर्जन खरंच निघालं. बेकेनस्टाइन बरोबर होता. १ मार्च १९७४ च्या ‘नेचर’मध्ये ते प्रसिद्ध झालं. सूर्याइतक्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचं हे तापमान केल्विनच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी येतं, म्हणून ते आजवर मोजता आलेलं नाही. पण गुरुत्वाकर्षण, पुंजभौतिकी आणि उष्मागतिकी या तीन शास्त्रांना एका सूत्रात बांधणारा हा पहिला धागा होता. वेस्टमिन्स्टर ॲबीत न्यूटन आणि डार्विन यांच्यामध्ये हॉकिंग यांच्या अस्थी ठेवल्या आहेत, आणि त्यांच्या स्मृतिशिळेवर हेच सूत्र कोरलेलं आहे.

हात चालत नव्हते म्हणून ते लांबलचक समीकरणांऐवजी भूमितीतून विचार करत, हे खरं. पण ती भूमिती रॉजर पेनरोज यांनी भौतिकशास्त्रात आणली होती आणि पेनरोज यांचे दोन्ही हात धडधाकट होते. जॉर्ज एलिस, ब्रँडन कार्टर, गॅरी गिबन्स, जेम्स हार्टल, डॉन पेज यांच्याबरोबर फळ्यासमोर घालवलेले तास वजा केले तर उरणारं चित्र एकांतातल्या ऋषीचं होतं, वैज्ञानिकाचं राहत नाही. हॉकिंग यांचा गौरव करायचा तर क्षेत्रफळाचं प्रमेय समजून घ्यावं. गुरुत्वीय लहरींच्या निरीक्षणांवरून २०२१ मध्ये त्याला पुष्टी मिळाली, आणि तशाच लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात उभी राहायची आहे. वक्तृत्व स्पर्धेत यावर दोन मिनिटं बोलता येतील.

इथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. सगळं श्रेय पत्नीला, विद्यार्थ्यांना, यंत्रांना आणि सरकारी दवाखान्याला दिलं, तर हॉकिंग यांचं स्वतःचं काय उरलं? त्यांची हट्टी वृत्ती, विनोदबुद्धी, हार न मानणं हे सगळं खोटं का?

मुळीच नाही. ते गुण खरे होते आणि त्यांशिवाय हे आयुष्य झालं नसतं. आपलं अपंगत्व ज्यात आड येत नाही त्या कामावर लक्ष द्यावं, असं तेही सांगत. वाद फक्त इतकाच आहे की ते गुण पुरेसे नव्हते. व्यवस्था मान्य केल्यानं माणूस लहान होत नाही. धडधाकट शास्त्रज्ञही पगार, ग्रंथालय, सहकारी आणि घरचा स्वयंपाक करणारं कुणीतरी यांच्या जोरावरच काम करतो. त्याला मिळणारा आधार डोळ्यांत भरत नाही, एवढाच फरक. हॉकिंग यांना लागणारा आधार दिसत होता. तो दिसत असूनही कथेतून पुसणं, ही मात्र निवड आहे.

आणि त्यांनी स्वतः तो पुसला नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांनी २०११ मध्ये अपंगत्वावरचा पहिला जागतिक अहवाल काढला. त्याची प्रस्तावना हॉकिंग यांची आहे. उत्तम उपचार, मदतनीसांचं पथक, वावरता येईल असं घर आणि कामाची जागा, संगणकतज्ज्ञांची साथ हे सगळं आपल्याला मिळालं, म्हणून आपण अनेक अर्थांनी नशीबवान आहोत, असं त्यांनी तिथे लिहिलं. जगातल्या बहुसंख्य अपंगांना यातलं काही मिळत नाही, हेही लिहिलं. जगात शंभर कोटींहून अधिक अपंग माणसं आहेत, असा त्या अहवालाचा अंदाज होता. इच्छाशक्तीच्या कथेचा नायकच त्या कथेच्या विरुद्ध साक्ष देतो आहे. ती साक्ष मराठीत क्वचितच उद्धृत होते.

भारतानं हॉकिंग यांना जवळून पाहिलं आहे. जानेवारी २००१ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं भरवलेल्या परिषदेसाठी ते मुंबईत आले. ५९ वा वाढदिवसही इथेच झाला. त्यांच्यासाठी खुर्चीसकट चढता येईल अशी गाडी खास तयार करावी लागली. दिल्लीत त्यांना ऐतिहासिक स्मारकं पाहायची होती. जावेद अबिदी आणि अपंग हक्कांच्या चळवळीतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी आग्रह धरल्यावर कुतुबमिनारसारख्या ठिकाणी लाकडाचे तात्पुरते उतार बसवले गेले. अपंगांच्या समान संधीचा कायदा तेव्हा संमत होऊन पाच वर्षं झाली होती. देशातल्या अपंगांना त्या स्मारकांत जाता येत नव्हतं आणि त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. पाहुणे येणार म्हटल्यावर काही दिवसांत उतार झाला. म्हणजे अडचण दगडी बांधकामाची नव्हतीच. तेव्हा जिद्द कुणाची कमी पडत होती, खुर्चीतल्या माणसाची की खात्याची?

पुढे २०१६ चा अपंग व्यक्ती हक्क कायदा आला. अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य झाले, सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण आलं. पण इमारती, वाहनं, संकेतस्थळं वापरण्याजोगी करण्याचे निकष नियमांत नुसते मार्गदर्शक म्हणून राहिले. राजीव रतुरी यांनी २००५ मध्ये केलेल्या याचिकेवर नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की, हा नियम मूळ कायद्याशी विसंगत आहे आणि किमान निकष सक्तीचे करा. एकोणीस वर्षं चाललेल्या या खटल्यात मागणी एवढीच होती की माणसाला दारातून आत जाता यावं.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांच्यातल्या एखाद्या मुलीला भौतिकशास्त्रात संशोधन करायचं आहे, असं समजा. तिला हॉकिंग यांचं चरित्र भेट देऊन भागणार नाही. तिला विभागाच्या दुसऱ्या मजल्यावर नेणारी लिफ्ट हवी, प्रयोगशाळेच्या मजल्यावर खुर्ची वळेल असं स्वच्छतागृह हवं, वसतिगृहात पगारी मदतनीस हवी, लेखनिक ऐनवेळी शोधावा लागू नये, आजारपणात गेलेले महिने शिष्यवृत्तीच्या मुदतीत वाढवून मिळावेत, आणि तिची शुश्रूषा करणाऱ्या आईला त्या कामाचा मोबदला मिळावा. केंब्रिजनं आणि ब्रिटननं हॉकिंग यांच्यासाठी जे केलं त्याची ही साधी यादी आहे. यातलं बरंचसं तिथेही भांडून मिळालं होतं आणि काही देणगीवर भागवावं लागलं होतं. इथे ते देणगीवर सोडायचं कारण नाही. प्रत्येक विद्यापीठानं हा खर्च आपल्या अर्थसंकल्पात पगार आणि वीजबिल यांच्या शेजारी, स्वतंत्र शीर्षाखाली, दरवर्षी मांडावा, आणि तो किती झाला हे अधिसभेत विचारलं जावं.